शेवंती कुठवर आली होती

१६ नोव्हेंबर, दुपार

चौथा स्क्रू भिंतीत शिरेना म्हणून तीनच लावले. फळी किंचित उतरती झाली. उभं राहून पाहिलं तर जाणवतं, बसून नाही. वाचन बसूनच करायचं आहे.

संकल्प लिहून ठेवतो. जगातल्या सर्व प्रमुख धर्मांचे ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. मुदत मार्च. बँकेत होतो तेव्हा वेळ नव्हता, एवढीच अडचण होती. आता वेळच वेळ आहे.

बायको शेवंती वारली, त्याला आठ महिने झाले. त्याचा याच्याशी संबंध नाही.

१८ नोव्हेंबर

ग्रंथ जमले. गीता घरातच होती. रिटायरमेंटला ब्रँचने दिलेली, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बायबल शेजारच्या मिसेस परेरांनी दिलं. म्हणाल्या, लूकच्या पुस्तकापासून सुरू करा, सोपं जाईल. मी म्हटलं, ऑडिट मधूनच सुरू करत नाहीत. त्या म्हणाल्या, ऑल द बेस्ट.

कुराणाचं मराठी भाषांतर अन्सारी स्वतः कुर्ल्याहून घेऊन आला. आम्ही एका ब्रँचला अकरा वर्षं होतो. म्हणाला, हात धुऊन घ्या, जमिनीवर ठेवू नका, वर दुसरं पुस्तक ठेवू नका. बाकी तुम्ही समजदार आहात.

धम्मपद वरच्या मजल्यावरच्या कुंडलिकचं. म्हणाला, चंद्या, हे वाचायचं पुस्तक आहे, फुलंबिलं वाहू नकोस.

ज्यूंचा ग्रंथ बायबलच्या सुरुवातीलाच येतो असं कळलं. म्हणजे एक वाचला की दोन झाले. सोय आहे. जैन आगम किती आहेत ते मोबाइलवर पाहिलं. पुढच्या वर्षी.

१९ नोव्हेंबर

कुठवर वाचलं याची खूण हवी. पानाचा कोपरा दुमडणं बरोबर नाही, पुस्तकं दुसऱ्यांची आहेत. शेवंतीच्या पोथीत लाल रिबीन होती. आमच्या मुलीच्या, तेजलच्या शाळेतली, वेणीची. पोथी सध्या वापरात नाही. रिबीन काढली आणि कात्रीने पाच सारखे तुकडे केले. चार ग्रंथांना चार. पाचवा गुरू ग्रंथसाहेबासाठी ड्रॉवरमध्ये ठेवला.

सर्वांना एकच खूण, एकच रंग. हे आपल्याला सुचलं याचं बरं वाटलं. कुंडलिकला फोन करून सांगितलं. म्हणाला, झकास. आता वाच पण.

२४ नोव्हेंबर

गुरू ग्रंथसाहेब घरी आणण्याबाबत मुलुंडच्या गुरुद्वारात फोन केला. फोनवरच्या गृहस्थांनी फार नम्रपणे विचारलं, स्वतंत्र खोली आहे का? सकाळी उघडायला आणि संध्याकाळी निजवायला घरात कोण असतं? मी म्हटलं, मी असतो. ते म्हणाले, एकटेच? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग तुम्हीच इकडे येत जा, बसून ऐका, जेवून जा.

मुलुंड लांब नाही. पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. पाचवा तुकडा ड्रॉवरमध्येच आहे.

३० नोव्हेंबर

आढावा. गीता : प्रस्तावना पूर्ण. तीन आहेत, तिन्ही पूर्ण. बायबल : वंशावळीत आहे. कोण कोणाचा मुलगा ते लक्षात ठेवायचं की नाही हे ठरवायला हवं. धम्मपद : लहान आहे म्हणून शेवटी. लहान गोष्ट केव्हाही होते. कुराण : हात धुतले, उघडलं, बेल वाजली, इस्त्रीवाला होता. पुन्हा हात धुतले. मग जेवायची वेळ झाली.

सुरुवात म्हणून समाधानकारक.

२ डिसेंबर

कुराण मांडीवर धरून पाठ दुखते. शेवंतीच्या पोथीखाली लाकडी ठवणी होती, कात्रीसारखी उघडणारी. तीच काढून घेतली. अन्सारीला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. म्हणाला, अरे, आमच्या घरी हुबेहूब अशीच आहे, कुठून घेतली? मी म्हटलं, घरातलीच.

पोथी तशीच पाटावर होती. ठवणीशिवाय बुटकी दिसते.

५ डिसेंबर

वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो आणि बारीक धूळ बसते. कांजूरला राहायचं तर याला इलाज नाही. कुंदा स्वयंपाकाला येते, तिला फळी पुसायला सांगितली. ती म्हणाली, मी आंघोळ करून येत नाही, चार घरं करून येते. त्यातल्या कुणाला चालतं, कुणाला चालत नाही, मला काय ठाऊक? तुमचे देव तुम्हीच पुसा, काका.

गीतेला धुळीपासून झाकायला पोथीचं लाल कापड घेतलं. मापात बसलं.

शेवंती सकाळी उदबत्ती लावायची. देवासाठी की वासासाठी, ते विचारलेलं नव्हतं.

९ डिसेंबर, सकाळी सहा

जाग आली. रोज याच वेळी येते. अलार्म लावत नाही. सहाला शेवंती पोथीचा एक अध्याय वाचायची. मोठ्याने. एक पोथी संपली की तीच पुन्हा पहिल्यापासून. लग्न होऊन आली तेव्हापासून. आता आवाज नाही, तरी जाग येते. कारण शोधायला हवं. वाताचा त्रास असू शकेल.

जागा आहेच तर वाचावं असं ठरवलं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. तिचा लावून पाहिला. दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं टळलं.

१४ डिसेंबर

फळी उतरती असल्यामुळे ग्रंथ खिडकीकडे सरकतात आणि बायबल कलंडतं. टोकाला काहीतरी जाड लावायला हवं होतं. शब्दकोश लावून पाहिला, कमी पडला. शेवटी पोथी लावली. बरोबर बसली. आता फळी पूर्ण दिसते.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या मीराताईंना सांगून टाकलं, जानेवारीत व्याख्यान देतो. विषय : जगातील धर्मग्रंथ, एक तौलनिक दृष्टिक्षेप. त्या म्हणाल्या, बरं झालं, मधुमेहावरचे डॉक्टर येणार होते, ते रद्द झाले.

२१ डिसेंबर

तेजल आली होती बोरिवलीहून. डबा आणला. उभ्या उभ्या बोलली, तिला नेहमी घाई असते. द्रौपदीमावशीचा मालवणहून फोन आला होता म्हणे. आई हॉस्पिटलात गेली तेव्हा तिचं पारायण अर्ध्यावर होतं. ते तसं ठेवायचं नसतं. वर्षश्राद्धाच्या आत घरातल्या कुणीतरी, ती जिथे थांबली तिथून पुढे, रोज थोडं थोडं वाचून पूर्ण करायचं. मला रोज इथे येणं जमणार नाही, बाबा. तुम्ही वाचाल का?

मी म्हटलं, त्यात काय. तौलनिक अभ्यासात ती पोथी घेणारच होतो.

तेजल म्हणाली, अभ्यास नको. नुसतं वाचा. मोठ्याने. आईने एवढी एकच गोष्ट आयुष्यात अर्धी ठेवलीय, मला ती सारखी डोक्यात येते, झोप लागत नाही. खूण आहे ना पोथीत?

मी म्हटलं, हो तर.

ती गेली. डब्यात माशाचं कालवण होतं. चांगलं होतं.

२२ डिसेंबर

खूण होती हे खरं आहे. तेजलला मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

पोथी फळीवरून काढली. बायबल पडलं. उचलून ठेवलं. पोथी चाळली. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी हळदकुंकवाची बोटं आहेत. एकतीस अध्याय, एकतीसही ठिकाणी, थरावर थर. त्यावरून काही ठरत नाही. पोथी आपोआप उघडते का ते पाहिलं. उघडते, पण फळीवर दाबून राहिल्यामुळे कुठेही उघडते.

चौकशी करून शोधता येईल. बँकेत याहून अवघड गोष्टी शोधल्या आहेत.

२३ डिसेंबर

मिसेस परेरांना विचारलं. आमच्या हॉलची आणि त्यांच्या किचनची भिंत एकच आहे. म्हणाल्या, आवाज यायचा, शब्द नाही कळायचे. शेवंती सुरू झाली की मी रोझरीची माळ घ्यायचे, तेवढ्यात दोघींचं संपायचं. आता माझंच मागेपुढे होतं. शेवटच्या दिवशी कुठला चॅप्टर होता ते गॉडला ठाऊक.

कुंडलिकला विचारलं. म्हणाला, मला कसं कळणार रे, मी खिडकी लावून झोपायचो. वहिनींसमोर बोललो नाही कधी.

द्रौपदीला मालवणला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, भावजी, माका काय म्हायत? घरात तर तुमी होतात.

२४ डिसेंबर

सतरावा. असं ठरवलं आहे.

एकतीसचा मध्य सोळा. अर्ध्यावर होतं असं तेजलनेच सांगितलं. अर्ध्याच्या पुढे जरा धरलं की सतरा. याला आधार आहे. श्राद्ध मार्चच्या मध्यावर, अध्याय उरतात पंधरा, म्हणजे घाई करायचं कारण नाही. आधी व्याख्यान.

तेजलला मेसेज केला. फेब्रुवारीत सतराव्यापासून सुरू करतो. तिने लगेच हात जोडलेले आणि एक रडणारा चेहरा पाठवला.

१० जानेवारी

व्याख्यानाची तयारी जोरात. गीता : पहिल्या अध्यायात. बायबल : वंशावळीतून बाहेर आलो, पुन्हा एक वंशावळ लागली. कुराण : एक पान. धम्मपद : शेवटी.

वाचन कमी झालं असलं तरी दृष्टी तयार झाली आहे.

१८ जानेवारी

व्याख्यान झालं. बागेतल्या शेडमध्ये. चाळीस मिनिटं बोललो. त्यातली बरीचशी फळीबद्दल, म्हणजे सर्व ग्रंथ एका पातळीवर ठेवण्यामागच्या विचाराबद्दल. फळी उतरती आहे हे सांगितलं नाही.

मग प्रश्न. दिंडोशीहून मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी पुढेच बसल्या होत्या. म्हणाल्या, एवढं वाचलंत तर सांगा, माणूस गेल्यावर कुठे जातो?

मी म्हटलं, या मुद्द्यावर माझा तौलनिक अभ्यास चालू आहे.

आजी म्हणाल्या, जरा लवकर करा हो, मला वेळ नाही.

सगळे हसले. मीही हसलो. आजी काही हसल्या नाहीत. त्यांनी पुढे विचारलं, यातला तुमच्या घरात रोज कुठला वाचला जातो? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच राहिलं असावं, कारण कुंडलिक मागून ओरडला, चहा आलाय, गार होईल.

परत येताना कुंडलिक म्हणाला, चंद्या, खरं सांग, तू हे कशासाठी वाचतोयस? मी म्हटलं, ज्ञान. तो म्हणाला, यार, वहिनी वाचायच्या तेव्हा तर तू पांघरूण डोक्यावरून घ्यायचास.

दुसऱ्याच्या घरातलं बोलू नये हे त्याला कळायला हवं. शिवाय हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं.

१ फेब्रुवारी, सकाळी

पोथी सुरू केली. सतरावा अध्याय. पाटावर बसलो. ठवणी कुराणाखाली होती, ती काढून घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून पोथी उशीवर ठेवली. मोठ्याने वाचायला लागलो.

घरात कुणीतरी बोलतंय असं वाटलं. थांबलो. कोणी नव्हतं, मीच होतो. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मग मनात वाचायचं ठरवलं. मनात वाचताना लक्ष उडतं. दुसऱ्या ओवीनंतर काय झालं ते सांगता येत नाही.

तेजलचा मेसेज, कितवा? मी लिहिलं, सतरावा चालू.

८ फेब्रुवारी

घसा बसलाय. बसलेल्या घशाने वाचणं अयोग्य.

तेजल, कितवा? मी, एकोणीस.

१५ फेब्रुवारी

डम्पिंगचा वास. खिडक्या बंद. बंद खोलीत आवाज घुमतो.

तेजल, कितवा? मी, बावीस. तिने लिहिलं, बाबा, थँक्यू. परवापासून झोप लागतेय.

बरं वाटलं. म्हणजे उद्देश साध्य होतो आहे.

२४ फेब्रुवारी

अन्सारीने विचारलं, कुठवर आलात? मी म्हटलं, अर्धं झालं. तो इतका खूश झाला की पुढचं ऐकलंच नाही. पुढचं मी काही बोलणारही नव्हतो.

आता मोठ्याने बोलायची सवय कमी झालीय. इस्त्रीवाल्याला आज दोनदा सांगावं लागलं. त्याला वाटलं मी आजारी आहे.

७ मार्च

तेजल, कितवा? मी, एकोणतीस. तिने लिहिलं, शेवटचा ठेवा, श्राद्धाच्या दिवशी मी वाचते. मावशी पण असेल.

तिसावा मनात वाचून घ्यावा का? घेतला नाही. सतरा ते एकोणतीस गेलेच आहेत, एकट्या तिसाव्याने काय होणार.

१४ मार्च

श्राद्ध झालं. गुरुजी वेळेवर आले. जेवण नीट झालं. द्रौपदी मालवणहून आली होती, जावई विशाल रजा घेऊन आला होता. कुंडलिकही जेवायला होता.

दुपारी तेजल पाटावर बसली. पोथी फळीच्या टोकाला पाहून ती म्हणाली, इथे कशाला ठेवलीत? मी म्हटलं, इतर ग्रंथांच्या बरोबरीने. तिने उठून पोथी काढली. बायबल पडलं, ते तिनेच उचललं. एकतिसावा अध्याय तिने वाचला. मोठ्याने. द्रौपदी रडली. विशाल खाली बघत होता. कुंडलिक दारात उभा राहून ऐकत होता. तेजलचा आवाज शेवंतीसारखा आहे हे मला माहीत नव्हतं. मी रडलो नाही. पाठीत उसण भरली होती, सरळ बसण्याकडे लक्ष होतं.

शेवटी हळदकुंकू लावून तेजलने विचारलं, माझी रिबीन कुठंय? पोथीत परत ठेवूया.

मी म्हटलं, असेल.

ती उठली. मघाशी पडलेल्या बायबलमधून लाल टोक बाहेर आलं होतं. तिने तो तुकडा काढला. मग कुराण उघडलं, त्यातून एक. गीतेवरचं लाल कापड बाजूला केलं, त्यातून एक. धम्मपदातून एक. मी ड्रॉवर उघडून पाचवाही दिला. लपवायचं काही नव्हतं. तिने पाचही पाटावर ओळीने ठेवले. टोकांना टोकं लावली. तेवढी झाली, वेणीएवढी.

एक तुकडा तिने पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, बाबा, कधी कापली?

मी म्हटलं, नोव्हेंबरमध्ये.

ती म्हणाली, मग सतरावा कुठून आला?

मी मध्य काढण्याची पद्धत समजावून सांगितली. ती पूर्ण ऐकून घेतली तिने. कुंडलिक मध्येच म्हणाला, चंद्या, गप बस ना. 

तेजल म्हणाली, आणि वाचलंत किती? खरं सांगा.

मी म्हटलं, दोन ओव्या.

द्रौपदी म्हणाली, जांव दी गो, दमलेत ते. तेजल ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही चार गोष्टी सांगता आल्या असत्या. तिने लाल कापड घेतलं, पोथी त्यात बांधली, तुकडे रुमालात ठेवले. म्हणाली, आता कुठून ते कुणालाच कळणार नाही, म्हणून मी पहिल्यापासून वाचणार. उद्यापासून. माझ्या घरी.

मी म्हटलं, ठवणी ने.

ती म्हणाली, त्यावर अन्सारीकाकांचं आहे. असू दे.

चष्म्याचं तिला माहीत नाही. तो लावूनच हे लिहितो आहे.

ते सगळे गेले. फळीवरचे ग्रंथ खिडकीकडे सरकले आहेत. उद्या सकाळपासून नव्याने सुरुवात. प्रथम धम्मपद, लहान आहे.

१५ मार्च

सहाला जाग आली. धम्मपद घेतलं. उघडलं नाही. बोरिवलीला फोन लावला. विशालने उचलला. हळू आवाजात म्हणाला, तेजल वाचतेय, झालं की करायला सांगतो. मागे तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मी म्हटलं, फोन ठेवू नका, तसाच असू द्या. तो हॅलो हॅलो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसावं. त्याने फोन ठेवला.